शोध आपला, वाट दुसऱ्याची

सातबारा उतारा, परीक्षेचा निकाल, रेल्वेचे वेळापत्रक, बँकेचा हेल्पलाइन क्रमांक. इंटरनेटवरच्या अशा बहुतेक कामांची सुरुवात शोधाच्या चौकटीतून होते. एक दिवस अचानक त्या चौकटीमागचे नेहमीचे सर्च इंजिन गायब होते. कधीही न ऐकलेल्या नावाचे पान उघडते. सेटिंग्जमध्ये जाऊन ते बदलले तरी संगणक पुन्हा सुरू केला की तेच पान समोर येते. ‘व्हायरस शिरला’ असे समजून अनेकजण संगणक थेट दुकानात नेतात आणि फॉरमॅट करून घेतात. त्यात कधी मुलांचे फोटो जातात, तर कधी हिशेबाच्या फाइल्स.

प्रत्यक्षात या उपद्रवामागे अनेकदा एखादे छोटेसे एक्स्टेन्शन असते. ब्राउझरला जोडलेली ही जादाची सोय कधीतरी पीडीएफ बदलण्यासाठी, व्हिडिओ उतरवून घेण्यासाठी किंवा कूपन शोधण्यासाठी घेतलेली असते. अशा एक्स्टेन्शनला ‘ब्राउझर हायजॅकर’ म्हणतात. ते काढून टाकणे फारसे अवघड नाही. पण ते घरात शिरलेच कसे आणि दार उघडे कोणी ठेवले, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

नेमके काय घडते?

एक्स्टेन्शन बसवताना ब्राउझर काही परवानग्या विचारतो. त्यात ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी एक परवानगी असते. तिचा अर्थ शब्दशः घ्यावा असाच आहे. ती मिळालेले एक्स्टेन्शन उघडलेले प्रत्येक पान वाचू शकते आणि त्या पानावर स्वतःचा मजकूर घुसवू शकते. सर्च इंजिन आणि पहिले पान बदलण्याची मुभाही एक्स्टेन्शनला मागता येते.

हायजॅकर या मुभेचा वापर करतो. चौकटीत टाइप केलेला शब्द आधी त्याच्या सर्व्हरवर जातो, तिथे नोंदला जातो आणि मग एखाद्या नामांकित सर्च इंजिनकडे ढकलला जातो. निकाल दिसतात, काम होते, त्यामुळे मधला थांबा अनेकांच्या लक्षातही येत नाही. काही हायजॅकर निकालांच्या वरच्या ओळींत स्वतःच्या जाहिराती बसवतात आणि खरा धोका तिथे सुरू होतो. बँकेचा क्रमांक शोधणाऱ्याला पहिल्या ओळीत भामट्याचा क्रमांक दिसला, तर पुढचे नुकसान शोधापुरते राहत नाही. ते खात्यातल्या पैशांपर्यंत पोहोचते.

यातून पैसा कोणाला मिळतो?

शोधाच्या चौकटीत आधीपासून बसलेले सर्च इंजिन, म्हणजेच ‘डिफॉल्ट’, ही इंटरनेटवरची सर्वात महागडी जागा आहे. अमेरिकेतील खटल्यात उघड झालेल्या माहितीनुसार, ही जागा आपल्याकडे राहावी यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात फोन व ब्राउझर कंपन्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले. त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. एवढी रक्कम मोजण्यामागचे कारण साधे आहे. आधीपासून जे बसवलेले असते, ते बहुतेक लोक बदलत नाहीत.

मोठ्या कंपन्या जी जागा करार करून विकत घेतात, तीच जागा हायजॅकर चोरून बळकावतो. सर्च इंजिनकडे ग्राहक वळवणाऱ्याला जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळण्याची पद्धत आहे. हायजॅकर त्यावरच जगतो. एका शोधामागे मिळणारी रक्कम नगण्य असते, पण लाखो ब्राउझर हाती असले की तिचा मोठा धंदा होतो.

हा धंदा केवळ अंधाऱ्या गल्लीत चालत नाही. काही वर्षांपूर्वी संगणकावर जावा बसवताना ‘आस्क टूलबार’ची चौकट आधीच टिक केलेली असे. घाईत ‘नेक्स्ट’ दाबणाऱ्याच्या ब्राउझरवर तो टूलबार येऊन बसे. सर्च इंजिन बदलण्यावरचे वापरकर्त्याचे नियंत्रण रोखल्याच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने जून २०१५ मध्ये त्याच्या जुन्या आवृत्त्यांना नको असलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत टाकले.

भारतही यातून सुटलेला नाही. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या हायजॅकरचा माग काढला, तेव्हा सर्वाधिक बाधित संगणक भारतात असल्याचा, म्हणजे सुमारे अडीच कोटी, तिचा अंदाज होता. एकूण आकडे फुगवलेले असल्याचे मायक्रोसॉफ्टने म्हटले. पण फायरबॉल होता आणि तो मोफत सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून येत होता, याबद्दल दोघांत वाद नव्हता.

चांगले एक्स्टेन्शन वाईट कसे होते?

‘अनोळखी एक्स्टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला योग्य आहे, पण अपुरा. कारण काही वेळा ओळखीचेच एक्स्टेन्शन उलटते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब झोपवून संगणकाचा भार हलका करणारे एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याच्या हवाली केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोडच्या कारणावरून गूगलने ते बंद केले. त्याआधी, जानेवारी २०१४ मध्ये ‘अ‍ॅड टू फीडली’ आणि ‘ट्वीट धिस पेज’ ही दोन एक्स्टेन्शन्स अशाच विक्रीनंतर जाहिराती घुसवू लागल्याने क्रोमच्या दुकानातून हटवावी लागली होती.

या प्रकरणांत वापरकर्त्याने नवे काहीही बसवले नव्हते. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होते. मालक बदलतो, नाव आणि चित्र तेच राहते, आधी दिलेल्या परवानग्याही तशाच राहतात. भाड्याने दिलेल्या खोलीची किल्ली भाडेकरूने परस्पर तिसऱ्याला विकावी आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसावा, असा हा प्रकार आहे.

सुटका कशी करावी?

काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्च इंजिन बदलले आणि मूळ दोषी तसाच राहिला, तर तो पुन्हा जुना खेळ करतो.

पहिली पायरी संगणकातील प्रोग्रॅमची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ची यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्रॅम काढावा. काही वेळा हाच प्रोग्रॅम काढलेले एक्स्टेन्शन पुन्हा बसवत असतो.

दुसरी पायरी एक्स्टेन्शनची. क्रोममध्ये उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांतून ‘एक्स्टेन्शन्स’ची यादी उघडावी. कशासाठी घेतले ते आठवत नसेल, तर ते काढून टाकावे. गरज भासली तर पुन्हा घेता येते.

तिसरी पायरी सेटिंग्जची. ‘सर्च इंजिन’ आणि ‘ऑन स्टार्टअप’ या दोन ठिकाणी हायजॅकरने पेरलेले पत्ते पुसावेत. तरीही भागले नाही, तर ‘रिसेट सेटिंग्ज’ हा पर्याय आहे. त्याने एक्स्टेन्शन्स बंद होतात, पण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. संगणक फॉरमॅट करण्याआधी हा उपाय करून पाहायलाच हवा.

घरच्या संगणकावर ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केला जातो’ अशा अर्थाची सूचना दिसत असेल आणि एक्स्टेन्शन काढण्याचे बटणच चालत नसेल, तर सावध व्हावे. ही सोय कार्यालयांसाठी आहे, पण हायजॅकर तिचाच आधार घेऊन ठाण मांडतात. काही अँटिव्हायरस प्रोग्रॅमही ही सूचना आणतात, म्हणून आधी खात्री करावी. अशा वेळी विश्वासू सुरक्षा सॉफ्टवेअरने तपासणी करावी. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर मोफत साधने मिळतात.

एकाच खात्याने दोन-तीन संगणक जोडलेले असतील, तर सिंकमुळे काढलेले एक्स्टेन्शन दुसऱ्या संगणकावरून परत येऊ शकते. म्हणून सफाई सगळीकडे करावी. शेवटी, त्या एक्स्टेन्शनला सर्व पाने वाचण्याची परवानगी होती असे आढळले, तर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत.

मोबाइलवर काय?

अँड्रॉइडवरील क्रोममध्ये संगणकासारखी एक्स्टेन्शन्स बसवण्याची सोय सर्वसाधारणपणे नसते. फायरफॉक्ससारख्या काही ब्राउझरमध्ये ती आहे. पण रोग तोच, फक्त वाट वेगळी. फोनवर तो नोटिफिकेशनच्या परवानगीतून आणि फुकटच्या अ‍ॅपमधून येतो. ‘पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगणाऱ्या पानावर एकदा बोट पडले, की ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशा सूचनांचा मारा सुरू होतो. त्या सूचना फोनच्या नसतात, त्या संकेतस्थळाच्या असतात.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढली, की बहुतेक त्रास थांबतो. तिथेच ‘सर्च इंजिन’ही तपासावे. ब्राउझर बंद असतानाही पूर्ण पडदाभर जाहिराती येत असतील, तर अलीकडे घेतलेल्या वॉलपेपर, क्लीनर किंवा लाँचरसारख्या अ‍ॅपवर संशय घ्यावा आणि प्ले प्रोटेक्टने फोन तपासावा. पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

जबाबदारी कोणाची?

आतापर्यंतचे सगळे उपाय वापरकर्त्याने करायचे आहेत. इथेच खरी खोच आहे. सेवा केंद्रात रांग लागलेली असताना अर्जाची पीडीएफ ठरावीक आकारात बसवण्यासाठी धडपडणाऱ्या ऑपरेटरने प्रत्येक परवानगीचा इंग्रजी मजकूर वाचावा, ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. व्यवहारात ती पाळली जात नाही आणि हायजॅकरचा धंदा त्याच भरवशावर चालतो.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी खरेदीच्या संमतीसाठी आधीच टिक केलेल्या चौकटी नाकारल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ फसव्या रचनांची यादी अधिसूचित केली. त्यात व्हायरसची खोटी भीती घालून पैसे उकळण्याचा प्रकारही आहे. मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘सेवा’ या व्याख्येतून मोफत दिली जाणारी सेवा वगळलेली आहे. एक्स्टेन्शन तर मोफतच असते. वापरकर्ता त्याची किंमत पैशांत नाही, तर आपल्या शोधाच्या नोंदींत मोजतो आणि ती किंमत या व्याख्येत बसत नाही.

ही फट बुजवायला हवी. त्याहून तातडीची गोष्ट ब्राउझर कंपन्यांच्या हातात आहे. एक्स्टेन्शनचा मालक बदलला, की ते आपोआप थांबावे आणि वापरकर्त्याला नव्या मालकाचे नाव सांगून परवानगी पुन्हा विचारली जावी. सर्च इंजिन बदलण्याचा अधिकार कूपन किंवा पीडीएफच्या एक्स्टेन्शनला मुळातच मिळू नये. परवानग्यांची भाषा मराठीत आणि सोप्या शब्दांत असावी: ‘हे एक्स्टेन्शन तुमच्या बँकेचे पानही वाचू शकेल.’ एवढे एक वाक्य वाचले तरी अनेक बोटे बटणावरून मागे फिरतील.

यामुळे काही प्रामाणिक कर्त्यांची गैरसोय होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो चुकीचा नाही. एकट्याने, फुकट काम करणाऱ्यांना प्रत्येक अट जड जाते. पण नवी अट फक्त विक्रीच्या वेळी लागू होणार असेल, तर रोज काम करणाऱ्याला तिचा जाच होण्याचे कारण नाही. जाच होईल तो लोकांचा विश्वास ठोक भावात विकत घेणाऱ्यांना.

डिफॉल्टची जागा अब्जावधी डॉलरची आहे, हे कंपन्यांना पक्के ठाऊक आहे. ती जागा ज्याच्या संगणकात आणि फोनमध्ये आहे, त्याला मात्र तिची किंमत कोणी सांगितलेली नाही. तोवर महिन्यातून एकदा एक्स्टेन्शनची यादी उघडून पाहणे, हीच त्या जागेची राखण.