हरवलेल्या विनोदपटांची ओढ फुकाची नाही

दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’सोबत 1914 च्या आरंभी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी मूकपट दाखवला गेला. आज त्याचं नाव तेवढं उरलं आहे. भारतातल्या सुमारे 1,300 मूकपटांपैकी बहुतेकांची हीच गत झाली. अशा विनोदपटांसाठी हळहळणाऱ्यांवर दोन आक्षेप घेता येतात, आणि दोन्ही टिकत नाहीत.

पहिला आक्षेप असा : हरवलं म्हणून गोड वाटतं, सापडलं तर निराशाच व्हायची. प्रत्यक्षात उलट घडलं आहे. लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ची (1927) पाय (भरलेल्या गोड पेस्ट्री) फेकण्याची मारामारी अनेक दशकं तुकड्यांतच पाहायला मिळे. 2015 मध्ये तिचं जवळजवळ पूर्ण रीळ उजेडात आलं. केळीच्या एका सालीवरून पेस्ट्री पोचवणारा माणूस घसरतो आणि एकेक वाटसरू ओढला जात भांडण रस्ताभर पसरतं. तुकड्यांत धुमाकूळ दिसे; रिळाने त्यामागची रचना दाखवली.

दुसरा आक्षेप डहाणू-तलासरीकडे बोट दाखवतो. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात आणि लग्न लावणारी स्त्री, धवलेरी, गाते. पुढे चौक पुसला जातो, त्याचं सुतक कोणी पाळत नाही; मग रिळांचंच का? कारण चौक पुसला तरी तो लिहिणारे हात आणि धवलेरीचं गाणं जिवंत असतं. पुढच्या लग्नात तो नव्याने उभा राहतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणली, तेव्हा ती जगभर पोचली.

मूकपटातल्या विनोदाला मात्र रिळाबाहेर घर नाही. पौराणिक पट हरवला तरी त्याची कथा पुराणात सापडते. पण नट पडण्याआधी किती क्षण थांबला, त्याने कुणाकडे पाहिलं, हे कुठल्याही पोथीत नाही. कथानक कागदावर उतरतं, हसू उतरत नाही.

शोधही व्यर्थ नसतो. 1919 च्या ‘बिल्वमंगळ’चा काही भाग पॅरिसच्या संग्रहात टिकला आणि 2016 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आला. मात्र वेळ थोडा आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेटते आणि आपल्या किनाऱ्यासारख्या उष्ण, दमट हवेत कुजते.

म्हणून डहाणू-बोर्डी-घोलवडच्या जुन्या घरांतल्या मंडळींना विनंती : माळ्यावर जुनं रीळ मिळालं तर भंगारात देऊ नका, प्रोजेक्टरवर चढवू नका. आगीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.