प्रस्तावना नंतर वाचा

फ्लॅन ओब्रायनची 'द थर्ड पोलिसमन' ही आयरिश कादंबरी वाचायला घेणार असाल, तर एक विनंती आहे. प्रस्तावना आधी वाचू नका. मलपृष्ठावरचा मजकूरही नको आणि शेवटची पानं चाळणं तर नकोच. गोष्टीतली गोम अगदी अखेरीस उघडी पडते. त्यात अनेक आवृत्त्यांत शेवटी लेखकाने १९४० साली अमेरिकन लेखक विल्यम सरोयानला लिहिलेल्या पत्रातला उतारा छापलाय, आणि त्या उताऱ्याने सगळंच फोडून टाकलंय.

मी फक्त सुरुवातीचं सांगतो, कारण निवेदक ते स्वतःच लगेच कबूल करतो. पैशासाठी त्याने एका म्हाताऱ्याचा खून केलाय. साथीदाराने सायकलच्या पंपाने त्याला खाली पाडलं, याने फावड्याने उरलेलं काम केलं. पुढे त्या म्हाताऱ्याची पैशाची पेटी शोधता शोधता तो एका पोलीस चौकीत पोचतो. तिथल्या सार्जंटला सायकल सोडून दुसरा विषय माहीत नाही. खडबडीत रस्त्यांवर सायकल हाणत राहिलं की माणसाचे अणू सायकलीत आणि सायकलीचे माणसात जातात, असं त्याचं शास्त्र. गावचा पोस्टमन म्हणे ७१ टक्के सायकल झालाय! म्हणून लोकांच्या भल्यासाठी सार्जंट स्वतःच सायकली चोरतो आणि स्वतःच तपास लावतो.

खरी धमाल कायद्याची आहे. निवेदक स्वतःचं नाव विसरलाय. खून उघडकीला येतो आणि हा समोर आयता उभा आहे, म्हणून यालाच फाशी द्यायचं ठरतं. तो म्हणतो, मला नावच नाही, मग कायदा लागू कसा होणार? सार्जंट खूश होतो. नाव नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे फाशीही झालीच नाही! नोंदींची ही गंमत लिहिणारा माणूस स्वतः डब्लिनमधला सरकारी नोकर होता. फ्लॅन ओब्रायन हे त्याचं टोपणनाव, खरं नाव ब्रायन ओनोलन. १९३७ मध्ये वडील गेले, भावंडांचा मोठा संसार त्याच्या पगारावर आला, नोकरी सोडणं शक्यच नव्हतं.

तळटीपा गाळू नका. डी सेल्बी नावाच्या काल्पनिक विद्वानावरच्या या टीपा पुढे पुढे मूळ मजकुरालाच गिळायला निघतात. रात्र म्हणजे साचलेली काळी हवा, हे या विद्वानाचं मत! पोलीस निवेदकाला जमिनीखालच्या 'अनंतकाळा'त नेतात, तो भाग मात्र मला लांबलेला वाटला. तिथे कंटाळलात तरी पुस्तक मिटू नका. कादंबरीत स्त्रिया जवळपास नाहीतच. लेखकाने सगळी माया सार्जंटच्या सायकलीवर उधळलीय.

१९४० मध्ये प्रकाशकाने हे पुस्तक नाकारलं. ओनोलनने मित्रांना हस्तलिखित हरवलं म्हणून सांगितलं आणि ते घरातच ठेवून दिलं. १९६६ मध्ये तो गेला, १९६७ मध्ये कादंबरी छापून आली.

वाचून झाल्यावर मित्राला जरूर द्या. शेवट मात्र सांगू नका.