पिशवी कोणाच्या हितासाठी?

‘बाईनेच मागणी केली, तिनेच कागदावर अंगठा उमटवला, मग डॉक्टरांचा दोष तो कोणता?’ बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत हा प्रश्न हटकून पुढे येतो, आणि तो विचारणाऱ्यांत आपल्या धर्मग्रामांतील डॉक्टरमंडळीही असतात. प्रश्न वरकरणी निरागस आहे. आम्हांला तो तसा वाटत नाही.

२०१९ साली महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. म्हणजे साधारणपणे सहा जणींमागे एक. आणि त्यांतल्या कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. एका व्यवसायातील बायकांचे गर्भाशय एवढ्या मोठ्या प्रमाणावर रोगट व्हावे, असा कोणता रोग वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे?

रोग फडात आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने ऊस तोडायचा. पहाटेपासून तोडणी, डोक्यावरून मोळ्या वाहणे, रात्री-अपरात्री गाडी भरणे. मुक्काम पाचटाच्या कोपीत. तेथे ना न्हाणी, ना शौचकूप, ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कारण खाडा पडला की दंड. अशा जिण्यात जंतुसंसर्ग झाला, अंगावरून जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, तर त्यात नवल ते काय? यांतील पुष्कळशा तक्रारी गोळ्यांनी आणि स्वच्छ पाण्याने बऱ्या होणाऱ्या आहेत. परंतु ती बाई तालुक्याच्या खाजगी रुग्णालयात जाते आणि तिला सांगितले जाते: पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सोनोग्राफीच्या एका चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी तेथील पेशी, गरज पडल्यास तुकडा, तपासावा लागतो. हे तिला ठाऊक नसते. डॉक्टरला असते.

मग ती ‘मागणी’ करते!

२००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीचे असेच एक प्रकरण आले होते. स्त्री तपासणीसाठी भुलेखाली असताना तिचे गर्भाशय काढले गेले होते. न्यायालयाने स्पष्ट केले की, संमती ऐच्छिक असली पाहिजे आणि उपचार कोणता, त्यातला धोका कोणता, त्याला पर्याय कोणता, हे पुरेसे समजावून सांगितल्यावर ती घेतलेली असली पाहिजे. उचलीच्या ओझ्याखाली, कॅन्सरच्या भीतीने आणि वाचता न येणाऱ्या कागदावर उमटलेला अंगठा या कसोटीवर कसा टिकणार?

एक युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रामाणिक डॉक्टर म्हणतात, ‘ही बाई आठ दिवसांत टोळीबरोबर निघून जाईल. मी गोळ्या दिल्या तर त्या ती घेईल की नाही? पुन्हा तपासायला ती सहा महिने येणार नाही. रक्तस्राव वाढला तर फडात तिला कोण पाहील? एकदाच काय ते करून टाकलेले बरे.’ हा पेच खरा आहे. पण त्यातून निघालेले उत्तर खोटे आहे. रोगट अवयव साऱ्या देहाच्या हितासाठी काढता येतो, ही शिकवण पोप बारावे पायस यांनी १९५२ साली वैद्यकीय तज्ज्ञांसमोर मांडली होती. श्रद्धा नसलेला शल्यविशारदही तीच कसोटी मानतो. येथे अवयव कोणाच्या हितासाठी काढला जातो? त्या स्त्रीच्या देहाच्या नव्हे. हंगामात खाडा पडू नये म्हणून! डॉक्टर येथे नकळत मुकादमाच्या चाकरीत शिरतो.

आणि तिच्या पदरात काय पडते? शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलू नये, असे सांगतात. तिला मोळ्या उचलायच्या असतात. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेली असतील तर तिशी-पस्तिशीतच तिचे शरीर रजोनिवृत्तीत ढकलले जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेचा खर्च भागवण्यासाठी पुन्हा उचल घ्यायची. उचल फेडता यावी म्हणून काढलेली पिशवी उचलीतच भर घालते.

शासनाने २०१९ साली बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीची अट घातली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने, बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अशाच शस्त्रक्रियांच्या संदर्भात, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. हे आवश्यकच होते. तथापि परवानगीच्या शिक्क्याने कोपीजवळ न्हाणी उभी राहत नाही; आणि जिला खरोखरच शस्त्रक्रियेची निकड आहे, तिला हा शिक्का खोळंबून ठेवतो, तो भाग वेगळाच. साखर कारखान्यांना मात्र अजून कोणी धारेवर धरत नाही. मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत, असे म्हणून ते मोकळे.

आपल्या विवाहपूर्व शिबिरांत कुटुंबनियोजनावर तासन्‌तास बोलले जाते. पिशवी काढण्याविषयी एक शब्द निघत नाही. नगर-मराठवाड्याच्या ऊसपट्ट्यात आपले धर्मग्राम आहेत. जेथे जेथे धर्मभगिनींचे दवाखाने आहेत, तेथे टोळ्या निघण्यापूर्वी आणि परतल्यावर या स्त्रियांची तपासणी विनामूल्य व्हावी, अशी आमची मागणी आहे. आणि बैठकीत तो निरागस प्रश्न विचारणाऱ्या आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी वर्षातले आठ दिवस तेथे जाऊन बसावे, पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या बाईला दुसरे मत द्यावे. ते मराठीत द्यावे, तिच्या नवऱ्याला नव्हे, तिला द्यावे.