तारा दातांवर, मोदक ताटात
दातांना तारा बसल्या की घरात पहिला प्रश्न येतो: मग गणपतीत गोड खायचंच नाही का? गिरगाव-लालबागच्या मुलांना असं सांगणं अन्यायाचं आहे आणि त्याची गरजही नाही. उकडीचा मोदक, श्रीखंड, खरवस, मऊसूत पुरणपोळी खुशाल खावी. तळणीचा कडक मोदक, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचा लाडू मात्र दूर ठेवावा. एका चाव्यात दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट निखळतं, तार वाकते आणि उपचार लांबतो. लालबागच्या चिवडा गल्लीतले कुरकुरीत, कडक जिन्नसही तेच करतात. पण मोठा धोका दुखत नाही, म्हणून कळत नाही. ब्रॅकेटच्या कडेला अडकलेल्या साखरेपासून जिवाणू आम्ल बनवतात. तिथला सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कवचातून कॅल्शियम निघून जाऊ लागतं. मग तारा काढल्यावर दात सरळ दिसतात, पण ब्रॅकेट होतं त्याच्या भोवती खडूसारखा पांढरा डाग उरतो आणि तो सहसा पूर्ण जात नाही. त्यामुळे किती खाल्लं याइतकंच कितीदा खाल्लं हे पाहावं. गोड जेवणाबरोबरच घ्यावं, घरोघरी दर्शनाला जाताना दिवसभर पेढे चघळू नयेत. प्रसाद घेतला की खळखळून चूळ भरावी. रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून तारेच्या वरून आणि खालूनही ब्रश फिरवावा. आई-बाबांनो, मुलांच्या हातातला मोदक काढून घेऊ नका, झोपण्यापूर्वी त्यांच्या हातात ब्रश तेवढा न चुकता द्या.