'जात', 'वंश' की 'लोक'? : अद्भुतरम्य कादंबरीतील समूहवाचक शब्दांचा प्रश्न

पदव्युत्तर वर्गात भाषांतराचा सराव घेत असताना एका विद्यार्थ्याने अद्भुतरम्य कादंबरीतील 'रेस' या शब्दासाठी 'जात' हा प्रतिशब्द योजला. 'एल्फ ही सर्वांत श्रेष्ठ जात होती' असे त्याचे वाक्य होते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते. परंतु ते मोठ्याने वाचले गेल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरली. त्या शांततेचा अर्थ लावण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

ज्या प्रकाराला आपण फँटसी म्हणतो, त्यात माणसांबरोबर एल्फ, ड्वार्फ, ऑर्क असे अनेक समूह वावरतात. जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कृतींनंतर हे समूह या प्रकाराची जणू सामाईक मिळकत बनले. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने त्यांच्यासाठी 'रेस' हा शब्द पारिभाषिक म्हणून रूढ केला. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेने विसाव्या शतकात जो संहार घडविला, त्याच्या पार्श्वभूमीवर हा शब्द निरागस राहणे शक्य नव्हते. (१९३८ साली एका जर्मन प्रकाशनसंस्थेने टोल्कीन यांना ते 'आर्य' आहेत काय, अशी पृच्छा केली, तेव्हा त्यांनीही पत्रांतून आपला तीव्र संताप व्यक्त केला होता.) अखेर डिसेंबर २०२२ मध्ये या खेळाच्या प्रकाशकांनी तो शब्द सोडून देण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या नियमपुस्तकात त्याच्या जागी 'स्पीशीज' आला.

मराठी लेखकाने वा भाषांतरकाराने हा तोडगा जसाच्या तसा उचलला तर काय होईल? मराठी जीवशास्त्रीय परिभाषेत 'स्पीशीज' म्हणजे 'जाती'. 'प्रजाती' हा शब्द तिथे 'जीनस'साठी आहे. म्हणजे इंग्रजीने ज्या दाराने आपली सुटका करून घेतली, ते दार मराठीत नेमके जातीच्याच अंगणात उघडते. आंब्याची जात, बैलाची जात आणि माणसाची जात यांसाठी आपल्याकडे शब्द एकच आहे. जन्माने ठरणारा स्वभाव आणि जन्माने ठरणारी पायरी या दोन्ही कल्पना त्या एका शब्दात नांदतात. वर्गातील शांततेचे कारण हेच होते. 'जमात' म्हटले की 'अनुसूचित' हे विशेषण न उच्चारताही ऐकू येते. अमरकोशाने यक्ष, गंधर्व, किन्नर आदींना एकत्रितपणे 'देवयोनी' म्हटले आहे. पण 'योनी' या शब्दामागे कर्मानुसार उच्चनीच जन्माची संपूर्ण उतरंड उभी आहे.

समूहांच्या विशिष्ट नावांबाबतही हीच सावधगिरी आवश्यक आहे. 'ऑर्क'साठी 'राक्षस' हा शब्द सहज सुचतो. मात्र 'गुलामगिरी' (१८७३) वाचलेल्या मराठी वाचकाला हे ठाऊक असते की, महात्मा फुले यांनी राक्षसांकडे या भूमीचे रक्षणकर्ते म्हणून पाहिले होते. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) मध्ये खांडववनाच्या दाहाचा विचार करताना नागांना साप न मानता अरण्यवासी लोक मानले. साप जळाले असे म्हटले की ती पराक्रमाची कथा होते; लोक जळाले असे म्हटले की ती संहाराची कथा होते. घटना तीच, शब्दाच्या निवडीने तिचे नैतिक मोल पालटते.

संस्कृतात अस्पष्ट, न कळणाऱ्या उच्चाराच्या कल्पनेतून 'म्लेच्छ' हा शब्द आला. टोल्कीन यांच्या एल्फांनी स्वतःला दिलेल्या 'क्वेंडी' या नावाचा अर्थ मात्र 'बोलणारे' असा आहे. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही त्याला दुसऱ्यांनी दिलेले नाव आणि बोलणाऱ्याने स्वतः घेतलेले नाव, यांतील अंतर या दोन शब्दांत मोजता येते. अशा कादंबरीच्या लेखकाने तीन नावे वेगळी ठेवावीत, असे मला वाटते : समूह स्वतःला काय म्हणतो, शेजारी त्याला काय म्हणतात आणि निवेदक काय म्हणतो. अर्सुला ले ग्विन यांच्या 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' (१९७२) या कादंबरिकेत वसाहतवादी अधिकाऱ्याच्या दृष्टिकोनातून आलेल्या प्रकरणांत मूळ रहिवासी 'क्रीची' ठरतात. त्यांच्यापैकी एकाच्या दृष्टिकोनातून कथन सुरू झाले की तेच 'माणसे' असतात. हेटाळणीचा शब्द कोणाच्या तोंडचा आहे, हे तेथे वाचकाला नेमके कळते.

निवेदकासाठी मराठीत 'लोक' हा शब्द सर्वाधिक योग्य आहे. 'एल्फ लोक', 'ड्वार्फ लोक' ही रचना मराठीच्या वळणाची आहे आणि तीत पायरी सूचित होत नाही. यावर असा आक्षेप येईल की, अमर आणि मर्त्य यांतील मूलभूत भेद 'लोक' या शब्दाने पुसला जातो. परंतु भेद दाखविणे हे कथेचे काम आहे, सामान्यनामाचे नव्हे. खुद्द टोल्कीन यांनी १९५४ मधील एका पत्रात, एल्फ व माणसे यांना परस्परांपासून संतती होते, म्हणून जीवशास्त्रीय दृष्ट्या ते एकच मानावे लागतील, असे म्हटले होते.

याचा अर्थ 'जात' हा शब्द फँटसीतून हद्दपार करावा असा नाही. उतरंड हाच ज्या कादंबरीचा विषय असेल, तिच्यात तो यावा. पण तो पात्रांच्या मुखी यावा, निवेदकाच्या नव्हे. टोल्कीन यांची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांच्या भाषांतरामुळे 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आलेली आहे. या वाटेने आणखी पुस्तके येतील आणि आपले विद्यार्थी स्वतंत्र फँटसीही लिहितील. काल्पनिक जग रचण्याचे स्वातंत्र्य त्यांना निश्चितच आहे. मात्र ज्या शब्दांनी ते जग रचले जाते, ते शब्द याच जगातून आलेले असतात. त्या दिवशी वर्गात शांत बसलेल्या विद्यार्थ्यांना हे शिकवावे लागले नाही. ते त्यांना आधीच ठाऊक होते.