काठावर माणूस हवा

गौरी बोळवायला निघताना आपण काय काय घेतो! निरांजन, कापूर, वाटली डाळ, खिरापत, फोटोसाठी मोबाइल. दोर मात्र कुणी घेत नाही. मीही कधी घेतला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळपासून मात्र माझ्या पिशवीत दोर असतो. घरात सगळे हसतात. हसू देत.

कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं घर. जवळच्या एका तळ्यावर आमच्या आळीतल्या गौरी बोळवतात. त्या दिवशी शेजारच्या वहिनींची नववीतली मुलगी तेरड्याची गौर घेऊन पायऱ्या उतरली. पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि खालची एक पायरी तुटलेली होती. हे आम्हाला ती पाण्यात गेल्यावर कळलं. ती ओरडलीसुद्धा नाही. आम्ही पंधराएक जणी नटूनथटून काठावर उभ्या होतो आणि एकीलाही पोहता येत नव्हतं.

कोपऱ्यात एक कातकरी बाई गळ टाकून बसली होती. ती धावत आली. पाण्यात उडी मात्र तिने मारली नाही. काठावर पालथी पडली आणि गळाची बांबूची काठी पुढे केली. "बाय, धर. सोडू नको." मुलगी बाहेर आली. वहिनींनी त्या बाईला गौरीच्या ओटीतलं खण-नारळ दिलं. तिने ते टोपलीत ठेवलं आणि पुन्हा गळ टाकून बसली.

गोष्ट इथेच संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. झालं असं, की पंधरा दिवसांत तळ्यावर पाटी लागली. 'पोहणे, कपडे धुणे, मासे पकडणे सक्त मनाई. आज्ञेवरून.' तुटलेली पायरी तशीच, शेवाळ तसंच. पाटीचा परिणाम एवढाच झाला, की ती बाई तिथून उठवली गेली. त्या पाण्याचा तळ ज्या एका माणसाला ठाऊक होता, नियमाने पहिलं त्यालाच हाकललं!

नियम नकोत, असं मी मुळीच म्हणत नाही. उलट आपल्याकडे पाण्यावरचे नियम फारच कमी पाळले जातात, आणि त्याची किंमत आपली लेकरं मोजतात. खारघरच्या पांडवकड्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये चार कॉलेजच्या मुली वाहून गेल्या. तिथे जायला बंदी होती. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, एक बाई आणि चार मुलं. काठावर माणसं होती, पण कुणाला पोचता आलं नाही. आमच्या पनवेल तालुक्यातल्या गाढेश्वर धरणावरही पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात आणि रविवारी गाड्या निघतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यांतली जवळजवळ निम्मी तिशीच्या आतली होती.

म्हणजे प्रश्न पाटीचा नाही. पाटी वाचून कुणी थांबत नाही, माणूस बघून थांबतो. आमच्या कर्नाळा पक्षी अभयारण्याचंच बघा ना. १९६८ पासूनचं हे अभयारण्य. तिथे फाटकावर पिशव्या बघतात, प्लास्टिकसाठी अनामत घेतात. कुरकुर करत का होईना, लोक बाटली परत आणतात. का? तर तिथे विचारणारं कुणीतरी बसलेलं असतं. मग जंगलाला राखणदार आणि पाण्याला नुसती पाटी, असं का?

आता सगळीकडे तळी सुशोभित होताहेत. आमच्या पनवेलचं वडाळे तळंच घ्या. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा, लहान मुलं फिरताना दिसली की बरं वाटतं. तुमच्याही गावात असं काही झालं असेल, होणार असेल. तेव्हा कारंजं आणि रंगीत दिव्यांबरोबर चार साध्या गोष्टी मागायला हव्यात. पायऱ्यांना धरायला साखळी किंवा कठडा. पाणी किती खोल आहे ते दाखवणारी खूण. काठावर टांगलेला दोर आणि तरंगणारं कडं. आणि गर्दीच्या वेळी, विसर्जनाच्या दिवशी, पोहता येणारा एक पगारी माणूस. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

'पैसे कुठून आणायचे?' हे उत्तर मला दर वेळी मिळतं. इथे मला मासेमारीच्या परवान्याचं सुचतं. तळ्यावर मासे पकडणारे दोन प्रकारचे असतात. एक हौसेचे. महागाची काठी, घडीची खुर्ची, थर्मास घेऊन सुट्टीच्या दिवशी येणारे. मुंबईच्या पवई तलावावर अशी हौस करायची तर तिथल्या अँगलिंग असोसिएशनमार्फत रीतसर करावी लागते. लोक आनंदाने पैसे भरतात, कारण तलाव सांभाळला तर मासा राहणार, हे त्यांना कळतं. आपल्या गावातल्या तळ्यावरही हौसेला परवाना असावा, फी असावी, आणि ती फी त्याच काठाच्या दोरासाठी नि माणसासाठी खर्च व्हावी.

दुसरे असतात पोटासाठी मासे धरणारे. कातकरी बाई दिवसभर बसून धरते ती चार मुऱ्या नि दोन खेकडे. तिच्या घरातल्या भाताबरोबरचं कोरड्यास तेवढंच. तिला परवान्याचा अर्ज, दोन फोटो आणि कार्यालयाच्या चार खेपा सांगणार का आपण? मोठ्या जलाशयांतली मासेमारी ठेक्याने देताना मच्छीमार सहकारी संस्थांचा विचार होतो. तसाच या बायकांचाही व्हावा. त्यांना विनाशुल्क ओळखपत्र द्यावं, आणि त्यांच्यातल्याच दोघी-तिघींना काठ राखायचं मानधनाचं काम द्यावं. पाणी त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

त्यांनाही नियम असावेतच. पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यातून वर चढतात. चढणीचे मासे म्हणून आपण ते कौतुकाने घेतो. सगळेच धरले तर पुढच्या वर्षी तळ्यात काय उरणार? समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. कोळीवाड्यांत तर नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. सणात गुंफलेला नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो, कारण तो घराघरांतून बायका पाळतात.

म्हणून मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हाका मारत नाही, तो गुपचूप खाली जातो. पोहता येत नसेल तर त्याच्यामागे उडी टाकू नका. ओली साडी पायात गुंडाळते आणि एकाचे दोन होतात. काठी, ओढणी, साडी, काहीही पुढे करा, पण आपण आडवं पडून. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्यात थोडंसं पाणी ठेवा म्हणजे लांब फेकता येतो, झाकण घट्ट लावा आणि मुठीला दोर बांधा. झाला तुमचा तरंगणारा आधार. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन लावा. तुमच्या मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाबरोबर एखाद्या डॉक्टरांना हे करून दाखवायला बोलवा. आणि मुलींना पोहायला शिकवा. 'मुलीच्या जातीला काय करायचंय' हे वाक्य त्या दिवशी आमच्या पंधरा जणींच्या गळ्यात अडकलं होतं.

आम्ही मंडळातर्फे अर्ज दिलाय. पायरी दुरुस्त करा, दोर लावा आणि पाटीवरची ओळ बदला, एवढंच मागितलंय. पायरी गेल्या महिन्यात दुरुस्त झाली. दोर आम्हीच वर्गणी काढून लावला. पाटी अजून तशीच आहे.

ती कातकरी बाई परवा बाजारात भेटली. "ताई, यंदा गौरीला येऊ का तळ्यावर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ये. तू येईपर्यंत आम्ही पाण्याकडे जाणार नाही."