दोन प्रतींत वेबसाइट

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांची पत्रे या महिन्यात एकाच सुरात आली आहेत. शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सूचना पडते : प्रत्येक शाळेने आपल्या संकेतस्थळाची लिंक सोमवारी अकरापर्यंत प्रपत्रात भरावी, ‘निरंक’ चालणार नाही. इथवर आपल्याला सवय आहे. पुढची ओळ मात्र नवी. सदर संकेतस्थळाची छापील प्रत केंद्रप्रमुखांच्या स्वाक्षरीसह दोन प्रतींत सादर करावी. म्हणजे वेबसाइट छापायची, पंच करायची आणि फाइलला लावायची. एका वाचकभगिनीने विचारले आहे की साइटवर व्हिडिओ असेल तर त्याची झेरॉक्स साक्षांकित करावी लागेल का. आमच्याकडे उत्तर नाही. सूचना काढणाऱ्यांकडेही नसावे.

द्विशिक्षकी शाळेवरचा माणूस अशा वेळी काय करतो? तालुक्याच्या गावी जातो, ‘साइट बनवून मिळेल’ अशी पाटी बघतो आणि खिशातले चार-पाच हजार मोजून मोकळा होतो. अशी एक साइट आम्ही उघडून पाहिली. वर शाळेचे नाव, खाली गोऱ्या-गोमट्या परदेशी मुलांचा फोटो. ‘आमच्याविषयी’वर टिचकी मारली तर साच्याबरोबर आलेला लॅटिन भरताड मजकूर तसाच. ‘संपर्क’मध्ये दुकानदाराचा मोबाइल नंबर. हीच साइट केंद्रातल्या आणखी काही शाळांच्या नावानेही आहे, फक्त पाटी बदललेली. सगळ्यांच्या प्रती सह्यांनिशी पोहोचल्या आणि तालुक्याचे काम शंभर टक्के झाले.

पैशापेक्षा मोठा घोटाळा पुढे आहे. जत तालुक्यातल्या एका वाचकाने लिहिले आहे की वर्ष संपल्यावर साइट बंद पडली. दुकानदाराकडे विचारणा केली तर नूतनीकरणाचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा. डोमेनची नोंदणी दुकानदाराच्या ईमेलवर होती. पासवर्ड त्याचा, ओटीपी त्याच्या फोनवर. डॉट इनचा पत्ता वर्षाला साधारण हजाराच्या आत मिळतो आणि ज्याच्या खात्यावर नोंद, त्याच्याच ताब्यात राहतो. वर्गणी भरणारा कोण, याच्याशी नोंदणी यंत्रणेला देणेघेणे नसते. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून विहीर खणणारा शेतकरी आपल्या गावात सापडणार नाही, पण इथे शिकलेसवरलेले मास्तर नेमके तेच करतात.

शाळेची साइट शिक्षकाने स्वतःच्या जीमेलवर काढली, तरी दुखणे आहेच. 27 फेब्रुवारी 2017च्या शासन निर्णयानंतर बदल्यांचा जो घोळ सुरू झाला, त्यात साइटचा पासवर्ड गुरुजींबरोबर पाटणहून माणला गेला आणि शाळेच्या भिंतीवर चिकटवलेले क्यूआर कोड मागे राहिले. स्कॅन करून पाहा, ‘पान सापडत नाही’. क्यूआर कोडवाल्या डिसले गुरुजींना 2020चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाल्यावर किती भिंतींवर असे कोड चढले! कोड चिकटवणे सोपे. त्याच्या पलीकडचे पान जिवंत ठेवणे हे काम आहे, आणि त्याचा रकाना कुठल्याच प्रपत्रात नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. शाळेची साइट ही कार्यालयाची बाब आहे. ती हवी असेल तर जिल्हा परिषदेने स्वतःच्या सर्व्हरवर प्रत्येक शाळेला एक पान द्यावे, पासवर्ड मुख्याध्यापकाच्या पदाला जोडावा आणि बदलीच्या वेळी चार्ज यादीत लिहून द्यावा. शिक्षकाने काढायची ती स्वतःच्या नावाची साइट. बदली झाली तरी ती त्याची, निवृत्त झाला तरी त्याची.

हे आपल्याकडे झालेले आहे. 22 जून 2015च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या निर्णयाच्या आसपास कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या साताऱ्याला येत होत्या. त्याच काळात रात्री जागून, एकमेकांना फोनवर विचारत कितीतरी शिक्षकांनी आपापल्या साइट उभ्या केल्या. माण तालुक्यात शिकवणाऱ्या बालाजी जाधव यांची ‘शिक्षणभक्ती’ अशीच. कुणी प्रत मागितली नव्हती. पुढे मात्र नकलांचा पूर आला. आज शिक्षकांच्या दहा साइट उघडा : शासन निर्णय, वेतननिश्चितीचे एक्सेल, दुसऱ्याची स्वाध्यायपुस्तिका आणि तिच्यावर स्वतःचा वॉटरमार्क. वर्गातले काहीच नाही. घरात कानडी बोलणारे जतचे पोर पहिलीत मराठी वाचू लागते ते कसे, ऊसतोडीला गेलेली मुले मार्चमध्ये परत आल्यावर त्यांना गणितात कुठून सुरुवात करून द्यायची, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्याच साइटवर महागाई भत्त्याचा तक्ता आहे.

‘आम्हाला कोडिंग येत नाही’ ही सबब आता पुरे. यू-डायस भरणाऱ्याला एक एचटीएमएल पान जड नाही. 1991 साली सर्नमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी केलेल्या पहिल्या साइटची जपलेली प्रत आजच्या मोबाइलवरही उघडते, कारण तिच्यात शीर्षक, परिच्छेद आणि दुवे याखेरीज काही नाही. उलट जिओसिटीज 2009 साली गेले, गूगल प्लस 2019 साली, आणि त्यांवर ठेवलेले सगळे सोबत गेले. मजकुराची मूळ फाइल आपल्या पेनड्राइव्हवर हवी, ती यासाठी.

अडते ते नेहमी दोन-तीन ठिकाणीच. घरच्या लॅपटॉपवर फोटो दिसतो, सर्व्हरवर चढवला की रिकामी चौकट. बहुतेक वेळा कॅमेऱ्याने फाइलच्या शेवटी ‘जेपीजी’ मोठ्या एबीसीडीत लिहिलेले असते आणि आपण पानात लहान लिहितो. विंडोजला दोन्ही सारखेच. सर्व्हर बहुधा लिनक्सवर, त्याला ती दोन वेगळी नावे. फायलींची सगळी नावे लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. फोटो चार एमबीचा चढवू नका. दीडशे-दोनशे केबी पुरतात, नाहीतर कोयनेच्या खोऱ्यात पान उघडायच्या आत तास संपेल. श्री-लिपीत किंवा डीव्हीबी सुरेखमध्ये केलेल्या जुन्या टिपणांचा मजकूर तसाच डकवला तर वाचणाऱ्याला नुसता कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पानाच्या डोक्यावर यूटीएफ-8 लिहायला विसरू नका.

आणि मुलांच्या याद्या! आधार क्रमांक, जन्मतारीख, आईचे नाव अशी हजेरीच साइटवर टाकलेली आम्ही पाहिली आहे. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा नसता तरी हे काढायला हवे होते. आजच काढा.

बंधू-भगिनींनो, पुढच्या शिक्षण परिषदेआधी एक पान करा. वर आपले नाव, खाली यंदा वर्गात जमलेली एक गोष्ट आणि न जमलेली एक, दोन्ही स्वतःच्या शब्दांत. आपल्याच ईमेलवर नोंदवलेला पत्ता आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. पुढील अंकापासून ते पत्ते तालुकावार छापू. छापण्याआधी प्रत्येक पान साध्या मोबाइलवर उघडून पाहणार आहोत. मजकुराऐवजी मजकुराचा फोटो असेल किंवा शासन निर्णयांची यादी असेल, तर तो पत्ता छापला जाणार नाही. छापील प्रत पाठवू नये.